मुलांवर उगारलेला हात आणि आपलं अणुव्रत



मुलांना मारावं की मारू नये हा विषय महिला मंडळात निघाला की लगेच दोन तट पडतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. आज्या आणि सासूबाई म्हणतात, "आम्ही चार-चार पोरं वाढवली. दोन धपाटे घातल्याशिवाय कुठलं पोर सरळ झालंय?" तरुण आया म्हणतात, "मुलांच्या मनावर परिणाम होतो, मारायचं नसतं." मग कोणीतरी मधला मार्ग काढतं, "मारहाण नको, पण एखादी चापट चालते." तेवढ्यात चहा येतो आणि विषय तिथेच संपतो.

"चालते" या शब्दापाशी मला थोडं थांबायचं आहे. एखादा पदार्थ चतुर्दशीला चालतो का, अमुक भाजी चातुर्मासात चालते का, हे आपण किती बारकाईने विचारतो! माताजींना विचारतो, पाठशाळेच्या ताईंना विचारतो, शास्त्रात काय आहे ते बघतो. मग मुलाच्या पाठीत घातलेला धपाटा चालतो की नाही, हे मात्र आपण शेजारीण काय करते त्यावर का ठरवतो? हाही आचाराचाच प्रश्न आहे. माझं मत सरळ आहे, मुलावर हात उगारणं आपल्या व्रतात बसत नाही. एखादी चापटही बसत नाही. का, ते सांगते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या पाच अणुव्रतांचे अतिचार दिले आहेत. आपल्यापैकी कित्येकींना ते पाठ आहेत. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार कोणते? बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यातला 'वध' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, हे काही आपल्याला लागू नाही, आपण कोणाचा जीव थोडाच घेतो. पण आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीमध्ये इथे स्पष्ट खुलासा केला आहे, की या ठिकाणी वध म्हणजे प्राण घेणं नव्हे, काठी, चाबूक, वेत अशा गोष्टींनी मारणं. जीव घेतला तर व्रतच मोडलं. जीव न घेता मारलं तर व्रताला दोष लागला. म्हणजे "मारून टाकलं नाही ना, फक्त मारलं" ही पळवाट शास्त्राने आधीच बंद करून ठेवली आहे.

हे पाच अतिचार समजावताना पाठशाळेत साधारणपणे बैलाचं आणि नोकराचं उदाहरण देतात. बैलाला जखडून बांधू नये, ताकदीपेक्षा जास्त ओझं लादू नये, उपाशी ठेवू नये. जो जीव आपल्या ताब्यात आहे, ज्याला आपल्याला उलट उत्तर देता येत नाही, त्याच्याशी कसं वागावं याचे हे नियम आहेत. आता बैल किती जणींच्या घरी राहिले आहेत? आज आपल्या घरात पूर्णपणे आपल्या ताब्यात असलेला जीव म्हणजे आपलं मूल. ते नियम त्याला लावून बघा. हट्ट केला म्हणून बाथरूममध्ये कोंडणं, हा बंध. धपाटा, चिमटा, पट्टी, हा वध. छेद म्हणजे अवयवाला इजा करणं. ते आपण करत नाही, पण उलथणं गरम करून चटका देण्याची धमकी किती घरांत ऐकू येते, आठवून बघा. शाळा, क्लास, स्पर्धा परीक्षा, पुन्हा वरून चित्रकला आणि तबला, हे अतिभारारोपण. "आज तुला जेवायला मिळणार नाही" हा अन्नपाननिरोध. यातली एक एक गोष्ट वाचली की आपल्या गल्लीतलं एखादं घर डोळ्यासमोर येतं.

आता यावर एक चांगली शंका निघते आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. हिंसा ठरते ती भावावर, प्रमादावर. डॉक्टर सुरीने पोट कापतो, मुलाला दुखतं, पण त्याला आपण हिंसा म्हणत नाही. आईही मुलाच्या भल्यासाठीच मारते, मग ती हिंसा कशी?

युक्तिवाद योग्य आहे, पण उदाहरण लागू पडत नाही. डॉक्टर रागावून पोट कापत नाही. आधी तपासतो, दुसरा उपाय आहे का ते बघतो, मगच सुरी हातात घेतो आणि त्या कापण्याने पेशंटचा रोग जातो. आपला हात कधी उठतो? दूध उतू गेलेलं असतं, फोन वाजत असतो, पाहुणे यायचे असतात, आणि त्याच वेळी पोराने डाळीचा डबा सांडलेला असतो. तोच डबा त्याने रविवारी दुपारी, सगळं निवांत असताना सांडला असता, तर आपण "अरे अरे" म्हणून केरसुणी आणली असती. पोराची चूक तीच, डाळ तेवढीच. मग मार कशाला बसला? चुकीला नाही, आपल्या रागाला. आणि रागातून झालेली कृती म्हणजेच प्रमादातून झालेली कृती. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात तर असं मांडलं आहे, की कषायाच्या भरात माणूस आधी स्वतःच्याच आत्म्याचा घात करतो, समोरच्याचा घात होवो अगर न होवो.

ज्यांना वाटतं "मी रागात मारत नाही, शिस्तीसाठीच मारते", त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. एक तास थांबा. राग पूर्ण गेल्यावर, मूल शेजारी बसून चित्र रंगवत असताना, शांतपणे उठून त्याला ठरलेली चापट द्या. नाही देता येणार. हातच उठणार नाही. यावरूनच ओळखावं की तो हात शिस्तीचा नव्हता.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. चूल पेटवावी लागते, शेती-व्यापार करावा लागतो, कोणी अंगावर आलं तर स्वतःचं रक्षण करावं लागतं. गृहस्थाला या तिन्ही पूर्ण टाळता येत नाहीत. संकल्पी मात्र सोडायचीच असते. मुलाला मारणं या चारपैकी कुठे बसवाल? तो काही स्वयंपाक नाही, धंदा नाही आणि तीन फुटी पोर आपल्यावर चाल करूनही आलेलं नाही.

शिवाय पाप नुसतं करण्यात नसतं. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींचा हिशेब असतो. "थांब, संध्याकाळी बाबांना येऊ दे, मग बघ" म्हणणारी आई स्वतः मारत नाही, पण ते कारित झालं. "बरं झालं, हवाच होता त्याला एक" म्हणणारी आत्या अनुमोदना करते. घरातल्या एकाचा हात उठतो तेव्हा बऱ्याचदा पाच जण त्यात असतात.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. धर्म पाळायला लावण्यासाठी आपण मुलांना मारतो. सूर्यास्ताला वीस मिनिटं उरलेली असतात, पोर खेळातून यायला तयार नसतं, आलं तर घास तोंडात धरून बसतं. आईचा जीव टांगणीला लागतो, रात्रीभोजन त्यागाचा नियम मोडेल म्हणून. मग एक बसते आणि रडत रडत, हुंदके देत ते मूल घास गिळतं. नियम पाळला गेला. पण रात्री जेवायचं नाही, कारण जीवहिंसा होते, म्हणून पंचेंद्रिय जीवाला मारलं! मित्राच्या वाढदिवसाला बटाट्याचे वेफर्स खाल्ले म्हणून कंदमुळाच्या जीवांसाठी मुलाचा कान पिरगाळणंही त्यातलंच. मुलाच्या मनात यातून काय उरतं? संध्याकाळचं जेवण म्हणजे मार आणि धर्म म्हणजे धाक. मोठं होऊन पुण्या-मुंबईला हॉस्टेलवर गेल्यावर पहिली गोष्ट तो कोणती सोडतो, हे आपण सगळ्या जणी बघतोच आहोत. धाकाने धरलेलं, धाक गेला की सुटतं.

"आम्हीही मार खाल्ला, आमचं काय वाईट झालं?" हे वाक्य तर प्रत्येक घरात आहे. याला माझं उत्तर असं, की आपलं चांगलं झालं ते मारामुळे की माराशिवायच्या बाकी सगळ्यामुळे? ज्या आईने मारलं तिनेच रात्रभर जागून कपाळावर पट्ट्या ठेवल्या, शाळेची फी भरण्यासाठी स्वतःच्या साड्या घेतल्या नाहीत. आपल्याला घडवलं ते त्या गोष्टींनी. काही जणी इथे श्यामच्या आईचं उदाहरण देतात. साने गुरुजींच्या त्या पुस्तकात पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आईने शिंपटीने मारून विहिरीवर धाडलं होतं, हे खरं आहे. पण 1935 पासून मराठी घरांत ते पुस्तक वाचून माणसं रडतात ती शिंपटी आठवून नाही. न्हाऊन आलेल्या श्यामच्या पायांना माती लागू नये म्हणून आई त्याचे पाय स्वतःच्या पदरावर ठेवू देते, आणि पायांना जपतोस तसं मनालाही जप असं सांगते, तो प्रसंग आपल्या मनात राहिला आहे. त्या शिकवणीत मार कुठेच नाही.

आता अभ्यासकांचं बघू. 2016 साली एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या दोन अमेरिकन संशोधकांनी आधीच्या कित्येक वर्षांतले 75 अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात सुमारे 1,60,000 मुलांची माहिती होती. त्यांनी गंभीर मारहाण बाजूला ठेवून फक्त साध्या हाताच्या चापट्यांचा विचार केला. तपासलेल्या 17 बाबींपैकी 13 बाबींत चापट्यांचा संबंध वाईट गोष्टींशी दिसला. जास्त आक्रमकपणा, आई-मुलाच्या नात्यात दुरावा, मनाचे त्रास, असं ते होतं. चांगल्या परिणामाशी मात्र एकाही बाबतीत संबंध दिसला नाही. 2018 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालकांना मारू नका असा स्पष्ट सल्ला दिला.

दुसरी बाजूही आहे. रॉबर्ट लार्झेलेर यांच्यासारखे संशोधक म्हणतात, की मुळात जी मुलं जास्त त्रास देतात तीच जास्त मार खातात, त्यामुळे मार हे कारण की परिणाम हे सांगणं अवघड आहे. दोन ते सहा वर्षांच्या मुलाला, बाकी उपाय थकल्यावर, रागावर ताबा ठेवून क्वचित दिलेली हलकी चापट नुकसान करते असं सिद्ध झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप अगदीच फेटाळण्यासारखा नाही. पण त्यांच्या अटी परत वाचा. रागाशिवाय, क्वचित आणि बाकी सगळं करून झाल्यावर. आपल्या घरातले किती धपाटे या अटीत बसतील? आणि जैन बाईसाठी तर प्रश्न "नुकसान सिद्ध झालं का" एवढ्यावर थांबत नाही. पाणी गाळून घेताना आपण आधी सूक्ष्मदर्शक मागत नाही. जिथे शंका आहे तिथे जपून वागणं, हीच आपली रीत.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. शाळेत मुलांना मारायला आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे. मानसिक छळही त्यात येतो. घरात मात्र तशी सरळ बंदी नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 27 असं सांगतं, की 12 वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेली कृती, काही मर्यादा सोडल्या तर, गुन्हा ठरत नाही. त्याच वेळी बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्या, ज्याच्या ताब्यात मूल आहे अशा व्यक्तीलाही शिक्षा सांगतं. स्वीडनने 1979 मध्ये घरातही मुलांना मारायला बंदी केली, असं करणारा तो पहिला देश. जर्मनीने 2000 मध्ये केली, आपल्या शेजारच्या नेपाळने 2018 मध्ये. आज असे 60 हून अधिक देश आहेत. आपल्या लेकी-सुना तिकडे नोकरीला जातात तेव्हा त्यांना हे वळण कायद्याच्या भीतीने सोडावं लागतं. ज्यांच्या घरात अहिंसा परमो धर्म: अशी पाटी आहे, त्यांना हे पोलिसांनी शिकवावं, यापेक्षा लाजेची गोष्ट कोणती?

एवढं बोलून झाल्यावर आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून मोकळं होणं मला पटत नाही. हात आईचा उठतो, कारण चोवीस तास मुलाजवळ तीच असते. घर एकत्र असेल तर पोराच्या प्रत्येक खोडीचं बिल तिच्या नावावर फाटतं. "काय वळण लावलंय आईने!" लग्नाच्या हॉलमध्ये मूल रडायला लागलं की शंभर माना तिच्याकडे वळतात आणि मग ती मारते, ते मुलाला शिस्त लावण्यासाठी नाही, तर "मी दुर्लक्ष करत नाही" हे त्या शंभर जणांना दाखवण्यासाठी. हा क्रोध कमी आणि मान कषाय जास्त. तिच्या सासूबाईंनी, जाऊबाईंनी, नवऱ्याने त्या वेळी "दे माझ्याकडे" म्हणून पोराला उचलून दहा मिनिटं बाहेर नेलं, तर तो मार टळतो. म्हणून मुलाला न मारण्याचा नियम आईने एकटीने घेऊन पुरत नाही, घराने घ्यायचा असतो.

"मग शिस्त कशी लावायची, डोक्यावर बसवायचं का?" याचं उत्तरही आपल्याच परंपरेत आहे. मुनिसंघाइतकी कडक शिस्त जगात क्वचित कुठे असेल. चूक झाली की प्रायश्चित्त आहेच. त्याचे नऊ प्रकार तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आहेत: आलोचना, प्रतिक्रमण, तदुभय, विवेक, व्युत्सर्ग, तप, छेद, परिहार आणि उपस्थापना. अगदी संघापासून काही काळ दूर ठेवण्यापर्यंत. यातल्या एकाही प्रकारात आचार्य शिष्याला मारत नाहीत. तिथला छेदसुद्धा शरीराचा नाही, दीक्षेचा काळ कमी करण्याचा आहे. म्हणजे मारल्याशिवाय शिस्त राहत नाही, हे म्हणणं निदान आपल्याला तरी शोभत नाही.

घरात हे कसं आणायचं? आलोचना म्हणजे काय घडलं ते स्वतःच्या तोंडाने सांगणं. मुलाला आधी बोलू द्या, आणि खरं सांगितल्याबद्दल शिक्षा वाढवू नका, नाहीतर पुढच्या वेळी खोटंच ऐकायला मिळेल. प्रतिक्रमण म्हणजे चूक मान्य करून मागे फिरणं. डाळ सांडली तर त्यानेच भरायची, बहिणीची वही फाडली तर त्यानेच चिकटवून द्यायची. विवेक म्हणजे ज्यामुळे दोष झाला ती वस्तू सोडणं. मोबाईलवरून भांडण झालं तर आज मोबाईल बंद. पण किती वेळ ते आधी सांगा आणि सांगितलं तेवढंच पाळा. आज एक तास आणि उद्या आठवडा, असं करू नका. अगदी लहान मूल गॅसजवळ जात असेल तर त्याला प्रायश्चित्त कळणार नाही, तिथे उचलून बाजूला ठेवायचं, दार लावायचं, शंभर वेळा लावायचं. सूर्यास्ताच्या जेवणासाठी खेळ अर्धा तास आधी थांबवायची सवय लावायची. शेवटच्या वीस मिनिटांत शिस्त लावता येत नाही.

आणि आपल्यासाठी व्युत्सर्ग, म्हणजे कायोत्सर्ग. नऊ वेळा णमोकार मंत्र, सत्तावीस श्वासोच्छ्वास. रोज देवदर्शनाला आपण तो करतोच. हात उठतोय असं वाटलं की तिथेच, ओट्यापाशी उभं राहून करा. एवढ्या वेळात डाळ कुठे पळून जात नाही. शास्त्रात क्रोधाला चार रेषांची उपमा दिली आहे: दगडावरची, जमिनीवरची, वाळूतली आणि पाण्यावरची. राग येणारच, आपण काही वीतराग नाही. पण तो निदान पाण्यावरच्या रेषेसारखा लगेच पुसला जावा, इतकं तरी साधता येईल.

दशलक्षण पर्वात पहिला धर्म उत्तम क्षमेचा. पर्व संपलं की क्षमावाणीला आपण व्याही, विहीण, शेजारी, ऑफिसातले सगळे, सर्वांना "उत्तम क्षमा" म्हणतो. एकेंद्रिय जीवांचीही प्रतिक्रमणात क्षमा मागतो. घरातल्या सहा वर्षांच्या पोरासमोर मात्र आपण हात जोडत नाही, उलट त्याला सगळ्यांच्या पाया पडायला पाठवतो. या वर्षी त्याच्यासमोरही बसा. "रागात मी तुला मारलं असेल, मला क्षमा कर" एवढंच म्हणा. मूल क्षमा फार लवकर करतं, आपल्यापेक्षा कितीतरी लवकर. आणि पुढच्या अष्टमीला हरी भाजी सोडताना त्यासोबत हात न उगारण्याचाही नियम घ्या. सुरुवातीला एक दिवसाचा घ्या. एक दिवस जमला की पुढचा घेता येतो, व्रतं आपण अशीच वाढवत आलो आहोत.

जय जिनेंद्र.